सड्यावरचा खांब

"हय," नौशाद म्हणाला आणि चपलेच्या टाचेने त्याने कातळावर रेघ मारली. "हयच. वीस फुटी पाइप, वर ही डिश, तीन बाजूंनी ताण. अर्ध्या तासाचा काम, काकी."

सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळमाळावर, मोठी माणसं आम्ही तिघंच होतो. नेट जोडून देणारा नौशाद, मी आणि माझी भाची प्राची. मागे माऊलीचं देऊळ, पुढे कडा, आणि कड्याखाली आमचं घर. समोरच्या डोंगराला त्या एकाच जागी खाच आहे. नौशादने दुर्बीण माझ्या हातात दिली तेव्हा त्या खाचेतून तालुक्याचा टॉवर दिसला. काडेपेटीतल्या काडीएवढा, टोकाला लाल.

"दिसलो?"

"दिसलो."

"तो दिसता म्हंजे नेट इला. वाऱ्यातसून येता ता. हय पकडूचा आणि केबल टाकून खाली तुमच्या घरात सोडूचा. झाड नको, डोंगर नको मधी, बस."

प्राचीने लेकीला, ओवीला, कडेवर घेतलं होतं. दोन वर्षांची पोर, वाऱ्याने डोळे मिटून घेत होती. प्राची माहेरी आली त्याला आठ महिने झाले होते, आणि पहिल्यांदाच तिचे ताठलेले खांदे सैल झालेले मला दिसले.

"मगे उभो करू?" नौशादने विचारलं. पाइप त्याने टेम्पोवर बांधूनच आणला होता. "शनवार आसा, देवळाकडे कोण नाय. कोणाक काय कळाच्या आधी चालू."

आणि मी म्हणाले, "नको रे. जागा देवीची. देवीक इचारूक व्हया."

त्याला आता सात वर्षं झाली. आजही भांडी घासताना, शिवणाची सुई ओवताना ते वाक्य मला ऐकू येतं आणि मी स्वतःलाच मोठ्याने शिवी देते. ओवी आता शाळेत जाते. ती म्हणते, आज्ये, कोणाक गाळी घालतंस? मी म्हणते, एका शहाण्या बाईक.

प्राचीचं काम असं होतं. पुण्याच्या एका हॉस्पिटलातले डॉक्टर पेशंट तपासून जे बोलतात, ते कानाला लावून ऐकायचं आणि टाइप करून पाठवायचं. हे काम असतं हे मीच शोधून काढलं होतं. मी शिकले सातवी. बाकी सगळं मोबाइलने आणि चुकांनी शिकवलं. शिलाईच्या मशीनशेजारी जुना लॅपटॉप मांडून मी गावाचे ऑनलाइन फॉर्म भरायची, रेंज असेल त्या दिवशी.

रेंज म्हणजे काय ते आमच्या गावाला विचारा. सरकारी केबल आली होती. रस्त्याकडेने चर खणून ती ग्रामपंचायतीपर्यंत नेली, पेटी बसवली, पेटीला हार घातला, नारळ फोडला. पुढच्याच उन्हाळ्यात रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने ती केबल तीन ठिकाणी उचकटली. पेटी अजून आहे. तिच्यावरचा दिवा कधी पेटला नाही, पण दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार मिळतो. मोबाइलच्या डबड्या घेऊन बघितल्या, चार कंपन्यांची चार सिमं घातली. आकाशातून नेट देणारी छत्री म्हणे निघाली होती, तिची चौकशी केली. ती आमच्या आवाक्यातली नव्हती. पहिला महिनाभर प्राची करवंदीच्या जाळीशेजारच्या दगडावर बसून काम करायची, लॅपटॉपवर छत्री धरून. मग काम देणाऱ्या पुण्याच्या मॅडमनी सांगितलं, सोमवारपासून थेट लाइनवर बसायचं, सकाळी नऊ ते पाच. लाइन तुटली तर काम दुसऱ्याला.

आणि माझ्या भावाने, श्रीधरदादाने, सांगितलं होतं, "सोमवारी काम सुरू झाला तर रव. नाय झाला तर मी सोता तुका मुंबयक पोचवन येतंय. घोवान चार वेळा फोन केल्यान. किती दिवस चेडू माहेराक ठेवतलंय?"

प्राचीच्या डाव्या हाताची करंगळी सरळ होत नाही. दरवाजात सापडली, असं ती सगळ्यांना सांगते. दरवाजा कोणी लावला होता ते तिने एकदाच, फक्त मला सांगितलं. नऊ बोटांनी ती माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने टाइप करते.

तिची आई ती दहावीत असतानाच गेली. मी नवरा वारल्यावर माहेरी आलेली, पडवीतल्या खोलीत राहणारी आत्या. दादासमोर आमच्या दोघींचा आवाज किती चालणार? म्हणून मला वाटलं, देवीचा आवाज आपल्या बाजूला घ्यावा. इतकी खात्री होती मला तिची.

रविवारी सकाळी कौल लावायचं ठरलं.

आमच्याकडे कौल असा लावतात. गावचे मानकरी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवीसमोर मोठ्याने प्रश्न मांडतात. गुरव दोन पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या दोन खांद्यांवर चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कोणाची विहीर कुठे खणायची, कोणाचं लग्न कधी, सगळं तिला विचारून. बायकांनी बाहेरच्या मंडपात उभं राहायचं.

मानकरी तात्या गावकर. त्यांची काजूची बाग सड्याच्या पलीकडच्या अंगाला. एक कंपनी तिथे भाडं देऊन मोठा टॉवर उभारणार, असं ते चार वर्षं सांगत होते. चार वर्षांत दोन माणसं येऊन जागा मापून गेली आणि तात्यांकडचे फणस खाऊन गेली. आमचा पाइप उभा राहिला तर कंपनी म्हणेल, गावाला नेट मिळालं, आता टॉवर कशाला? तात्यांच्या मनात हे आहे ते मला ठाऊक होतं. पण तात्या काय आणि कोण काय, देवीच्या पुढे सगळे सारखे, असं मी धरून चालले होते.

तात्यांनी हात जोडले.

"बा देवी माऊली! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!" पुरुष ओरडले.

"तुझ्या सड्यार, तुझ्या माथ्यार, परक्या हातान लोखंड रोवूचा म्हणतत..."

"व्हय म्हाराजा!"

"ता तुका मान्य आसात तर उजवी दी. नसात तर डावी दी आणि ह्या लेकरांका वाट दाखय!"

"व्हय म्हाराजा!"

परक्या हातान. नौशाद मुकादमाच्या आजोबांनी ह्याच देवळाचे कौल चढवले होते, छपराचे. ते राहू दे. पण प्राचीचं नाव त्या गाऱ्हाण्यात कुठे होतं? पोर कुठे जाईल, काय होईल, हे विचारलंच नव्हतं कोणी. मी मंडपाच्या खांबाला धरून टाचा उंचावल्या.

बाबल गुरवाने पाकळ्या उचलल्या. उजवी त्याने पाण्यात पूर्ण बुडवली आणि देवीच्या खांद्यावर ठेवून अंगठ्याने दाबली. नीट दाबली, तिकीट चिकटवावं तशी. डावी बोटांच्या टोकाने उचलली, झटकली आणि नुसती टेकवली.

मी शिवणकाम करते. कापडाचा कुठला टाका धरेल आणि कुठला सुटेल ते मला लांबून कळतं.

डावी पडली. गुळाला मुंग्या लागायला लागतो तेवढा वेळसुद्धा लागला नाही.

"देवीन नाय सांगल्यान!" तात्या म्हणाले.

माझं तोंड उघडलं होतं. पण आवाज आला नाही. माझ्या आत भलतंच काहीतरी उसवायला लागलं होतं आणि ते मला दोन्ही हातांनी धरून ठेवायचं होतं. माणसं पांगली. प्राची माझ्याकडे बघत होती. मी खाली मान घालून पायऱ्या उतरले.

घरी आल्यावर दादाने पहिली गोष्ट केली ती रिक्षावाल्याला फोन. "उद्या साडेआठ. ठेसनार." मग पाण्याचा तांब्या घेऊन दारापुढच्या खळ्यात बसला.

"आता इषय संपलो," तो म्हणाला. "देवीन सांगल्यान."

प्राची ओवीचे कपडे पिशवीत भरत होती. एकेक झबलं हाताने सपाट करून. "आत्ये," ती म्हणाली, "तू काय बगलंस देवळात?"

"काय नाय."

"तुजो चेहरो पांढरो पडललो."

"उनान."

तिने आणखी एक झबलं सपाट केलं. मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं ती म्हणाली, "काल उभो केललो आसतो तर काय झाला आसता गो?"

मला वाटलं, हिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दादा," मी म्हणाले, "तिका धाडू नको. तेणा तिचा बोट मोडल्यान. उद्या मान मोडीत."

"संसारात भांड्याक भांडा लागता," दादा म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. तेच वाईट. त्याला खरंच वाटत होतं तो समजूत घालतोय. "तू सोताचाच बग मा. तुज्या टायमाक पण देवीन सांगल्यान, जा म्हणान. तू गेलंस. झाला मा सगळा बरा?"

झालं ना सगळं बरं.

मी हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बावीस वर्षांची होते. लग्नाला दोन वर्षं झालेली. एका दुपारी मी पाठीवर चिकटलेलं पोलकं घेऊन अकरा मैल चालत माहेरी आले. आईने ते पोलकं कोमट पाण्याने भिजवून, भिजवून सोडवलं, मधे मधे थांबून, कारण चामडी सोबत येत होती. मी म्हटलं, मी परत जाणार नाही. तेव्हा बाबा म्हणाले, देवीला विचारू. कौल लावला. जायचं काय? उजवी पडली. मी गेले. देवीनेच पाठवलं म्हणजे त्यात काही तरी असेल, असं म्हणत वीस वर्षं राहिले. दोन पोरं पोटातच गेली, तेव्हाही म्हटलं, तिला ठाऊक असेल. माझ्या आख्ख्या आयुष्याला धरून ठेवणारा तो एकच टाका होता. आणि तो टाका कोणाच्या अंगठ्याने घातला होता?

सकाळी देवळात मी का ओरडले नाही, ते आता कळलं असेल.

मी उठले. "खंय चाललंस?" दादाने विचारलं. मी तोवर खळं ओलांडलं होतं. दुपारचे दोन वाजले होते, सड्याचा कातळ तव्यासारखा तापला होता आणि मी चपला घालायची विसरले ते मला गुरवाच्या खळ्यात पोचल्यावर कळलं.

बाबल सोलाण्यावर, जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळ्यावर, नारळ सोलत होता. मला बघून त्याने हातातला नारळ खाली ठेवला.

"बस, इंदूताय."

"बसूक येवक नाय. उजवी दाबलंस कित्या?"

"काय सांगतंस तू..."

"बाबल, मी बगलंय. परत खोटा बोललंस तर हो सोलाणो उपटून डोक्यात घालीन."

तो नारळाच्या शेंडीशी चाळा करत राहिला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. लहानपणी मी त्याला बोरं दिलेली. शेवटी म्हणाला, "तात्यानी सांगल्यानी. मानकऱ्यान सांगल्यार गुरवान काय करूचा? माजो बापूस पण असोच लावी. सगळो कौल काय असो नसता, ताय. इहिरीचो, पेरणीचो, ता सगळा देवीर सोडतंव. पण कोणी आदी येवन सांगल्यान तर..."

"माज्या टायमाक कोण इललो?"

"ऱ्हवांदे आता ता."

"तात्यांचो बापूस?"

"नाय."

"मगे कोण?"

बाबलने मान वर केली नाही. "तुजो बापूस," तो म्हणाला. "आदल्या दिवशी. मी बारको होतंय, चुलीकडे बसललंय. माज्या बापाशीक म्हणालो, उजवी पडाक व्हयी, माजी धाकटी दोघा लग्नाची आसत. आणि मगे रडलो. खूप रडलो गो तो."

रडला. मला त्याक्षणी सगळ्यांत जास्त चीड त्या रडण्याची आली. अजून येते. माझ्या जन्माचा सौदा करणारा माणूस निदान कोरड्या डोळ्यांचा असावा. माझे बाबा मरताना मी त्यांच्या तोंडात पाणी घातलं होतं.

तिथेच उभी राहून मी नौशादला फोन लावला. रेंजची एक काडी होती.

"पाइप घेवन ये."

"काकी, पण देवीन नको सांगल्यान ना? उगाच माज्यामुळे गावात..."

"देवीक कोणी इचारूकच नाय, नौशाद. तू ये. मशीन तुज्या हातात, पण पाइप मी धरतंय. बगूया कोणाचो परको हात."

तो आला. चारच्या सुमारास त्याने काल मारलेल्या रेघेवर ड्रिल लावलं आणि कातळातून लाल धूळ उडायला लागली. आवाज खालच्या वाडीपर्यंत गेला असणार, कारण पाइप भोकात उतरायच्या आत वीसेक माणसं जमली. दादाही होता, मागे. सगळ्यांच्या पुढे तात्या.

"इंदू! कौल मोडतंस? गावार काय इला तर कोण निस्तरतला?"

मी पाइप दोन्ही हातांनी मिठी मारून धरला होता. "तात्यानू, मोडूक नाय. परत लावया. आत्ता, सगळ्यांसमोर. गाऱ्हाणा तुमी घाला, तोंड भरून घाला. फकत पाकळये मी लावतलंय. दोनय सारखे ओले करून."

तात्यांचे डोळे बाबलला शोधायला लागले.

"बायलमाणसान देवीक हात लावूचो?" ते ओरडले. "अक्कल आसा?"

"तात्यानू," मी म्हटलं, "देवी बायलमाणूसच आसा."

मागे कोणीतरी फसकन हसलं. तात्या वळून बघेपर्यंत ते हसू विझलंही. तेवढ्यात देवळाच्या बाजूने बाबल येताना दिसला. खांद्यावर शिडी. दिवे लावायला वापरतात ती देवळातली लांब शिडी.

"शिडी कित्या हाडलंस?" तात्यांनी विचारलं.

"पाइप उंच आसा," बाबल म्हणाला. त्याने शिडी टेकवली आणि नौशादसाठी खालून धरली. तात्यांकडे त्याने बघितलंच नाही.

गाऱ्हाणं घालायला कोणी पुढे आलं नाही. पाण्याचा तांब्याही कोणी आणला नाही. दादा सोडून एकेक जण घरी गेला. तात्या शेवटी गेले, धोतराचा सोगा आपटत. अर्ध्या तासाचं काम तीन तासांत झालं, कारण मी पाइपाला बिलगून होते आणि तो काही केल्या ओळंब्यात सरळ उभा राहीना. "काकी, सोडा आता," नौशाद दोनदा म्हणाला. मला सोडता येत नव्हता.

सोमवारी साडेआठला रिक्षा दारात येऊन उभी राहिली. दादाने ती रद्द केली नव्हती. तो नवा शर्ट घालून, ओवीची पिशवी हातात घेऊन ओटीवर उभा होता. बाबलने जे सांगितलं ते मी त्याला पाइपाशीच, सगळे गेल्यावर, सांगून टाकलं होतं. त्याने ऐकून घेतलं होतं आणि तो उतारावरून खाली गेला होता.

प्राची माझ्या खोलीत शिलाईच्या मशीनपाशी बसली होती. मशीनचं डोकं आत पाडून वर फळी टाकलेली, फळीवर लॅपटॉप. कानाला हेडफोन. भिंतीवर नौशादने ठोकलेल्या पेटीतला हिरवा दिवा मधूनच पिवळा व्हायचा आणि आम्हा दोघींचा श्वास अडकायचा. मग पुन्हा हिरवा.

"प्राची," दादाने दारातून हाक मारली. "चल. गाडी चुकतली."

नऊ वाजायला अजून अवकाश होता, पण मॅडम लाइनवर आल्या होत्या. प्राचीने मान न वळवता डावा हात वर केला. तळवा दादाकडे, करंगळी वाकडीच. थांबा. मग तो हात खाली आणून ती टाइप करायला लागली.

आमच्या घरात कोणा मुलीने कोणा पुरुषाला हाताने थांबवलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. दादानेही नसावं. तो खरंच थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. खोलीत फक्त बोटांचा आवाज, कौलावर बारीक गारा पडाव्यात तसा.

मी बाहेर जाऊन रिक्षावाल्याला सांगितलं, जा बाबा, कोण येवचा नाय. तो गेला. परत आले तर दादा अजून तिथेच, पिशवी धरून. पिशवीतून ओवीच्या झबल्याची बाही लोंबत होती.

"इंदू," तो हळूच म्हणाला. "माका म्हायत नव्हता. बाबान तसा सांगल्यान ता. देवीशपथ."

"देवीची शपथ घालू नको."

त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "आता मागचा उकरून तुका काय गावतला?"

मी त्याच्या हातातून पिशवी घेतली. आत प्राची मधेच थांबून काहीतरी परत ऐकत होती, ओठ हलवत, कुठल्याशा अनोळखी माणसाच्या हृदयाचे ठोके अक्षरांत बसवत.

"माका काय गावाचा नाय," मी म्हटलं. "माजा गेला ता गेला. तू आता हयसून हल, दादा. तिच्या उजेडात उभो रवलंस."